दुःखाची कीर्ति आणि सुखाचें गाणें

रसिकांचें प्रेम लाभणें हें कलावंताचें भाग्य खरें. परंतु तें प्रेम त्याच्या दुःखावरच जडलें, तर त्यानें काय करावें? ११ एप्रिल २०२५ रोजीं प्रसिद्ध झालेल्या 'सेबल, फेबल' या अमेरिकन गीतसंग्रहानें हा प्रश्न पुढें आणला आहे. संग्रह 'बॉन ईव्हेर' या गायकवृंदाचा असून तो 'जॅगजॅगुवार' या स्वतंत्र संस्थेनें काढला आहे.

या वृंदाचा प्रवर्तक जस्टिन व्हर्नन. २००६-०७ च्या हिवाळ्यांत पूर्वीचा वृंद मोडलेला, प्रेमसंबंध तुटलेला आणि प्रकृति ढासळलेली, अशा स्थितींत तो विस्कॉन्सिनमधील आपल्या वडिलांच्या रानांतील झोपडींत जाऊन राहिला. तेथें त्यानें बहुतांशीं एकट्यानेंच जीं गाणीं मुद्रित केलीं, त्यांच्या थोड्याशा प्रती २००७ मध्यें स्वतःच काढल्या. पुढच्या वर्षीं तीं जगभर गेलीं. लोकगीताची साधी चाल आणि नेहमीच्या पट्टीहून पुष्कळ वर चढविलेला बारीक, कातर आवाज लोकांना आवडला. पण त्याहूनहि त्यांना आवडली ती झोपडीची कथा. २०१२ मध्यें दोन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. २०१६ च्या संग्रहांत त्यानें यंत्रांच्या साहाय्यानें स्वतःचा आवाजहि मोडून पाहिला. तरी त्याचें नांव निघालें कीं झोपडीची आठवण निघावयाचीच. दुःखी असण्याबद्दलच आपणांस शाबासकी मिळत गेली, अशा आशयाचें तो पुढें मुलाखतींत बोलला आहे.

श्रोतेहो, ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतली म्हणजे नव्या संग्रहाच्या नांवाचा अर्थ उलगडतो. 'सेबल' म्हणजे काळा, शोकाचा रंग. 'फेबल' म्हणजे बोधकथा. काळ्या रंगाचीं गाणीं २०२४ मध्येंच आधीं स्वतंत्रपणें आलीं होतीं. मोजक्या साथीवरचीं तीं गाणीं पश्चात्तापाचीं आहेत. स्वल्पविरामानंतर मात्र ठेका येतो, इतर गायकगायिकांचे आवाज मिसळतात, आणि प्रेमाचा आनंद उघडपणें बोलूं लागतो.

बहुतेक समीक्षकांनीं या आनंदाचें स्वागत केलें. परंतु जुन्या विषण्णतेची ओढ ज्यांना सुटत नाहीं, अशा रसिकांना उत्तरार्ध अंमळ गुळगुळीत वाटावा, हेंहि स्वाभाविक आहे. तो आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. कांहीं ठिकाणीं चालीची सफाई इतकी आहे कीं शब्द मनांत रुतण्यापूर्वींच निसटतात. तथापि सुखाचें गाणें म्हणजे उथळ गाणें, हें समीकरण मला मान्य नाहीं. प्रारंभींचा काळोख ऐकल्यावाचून पुढील उजेडाची किंमत कळत नाहीं, आणि ही मांडणी कवीनें जाणूनबुजून केली आहे.

बैठकींत गवयाकडे पुनःपुन्हा तीच एक चीज मागणारे श्रोते आपणांस परिचित आहेत. त्यांच्या आग्रहांत प्रेम असतें, पण त्या प्रेमानें गवयाची वाढ खुंटते. एखाद्याच्या जखमेवर आपला जीव जडला, म्हणून ती भरूं नये असें म्हणण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं. समीक्षकानें गाणें तोलावें. गायकाच्या आयुष्याची कथा तराजूंत टाकूं नये. हा संग्रह ऐकतांना तेवढा न्याय आपण केला, तर त्यांतील आनंदहि आपल्या कानीं खरा वाजेल.