येई ऱ्हायना, म्हणजे येतच आहे
खानदेशात बोलली जाणारी अहिराणी, जिची नोंद जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात ‘खानदेशी’ या नावाने आढळते, शिकू पाहणाऱ्या परगावच्या माणसाला चाळीसगावात पहिला चकवा क्रियापद देते. ‘तो येई ऱ्हायना’ हे ऐकून नवखा श्रोता ‘तो येईना’ असा अर्थ लावून निघून जाण्याची शक्यता असते; वस्तुतः येथील ‘ना’ नकारदर्शक नसून मराठीतील ‘ला’प्रमाणे भूतकाळी प्रत्यय आहे, त्यामुळे ‘ऱ्हायना’ म्हणजे ‘राहिला’ आणि संपूर्ण वाक्याचा अर्थ ‘तो येत आहे’ असा होतो. ‘आहे’साठी वापरले जाणारे ‘शे’ गुजराती ‘छे’शी जुळते, तर ‘काय करी ऱ्हायना भो?’ यातील ‘भो’ हे आपुलकीचे संबोधन असल्याने त्या प्रश्नाकडे चौकशी म्हणून न पाहता विचारपूस म्हणून पाहावे.