काजळीचा धंदा

(ज्ञातिमंडळाच्या अकलोली येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहिले की विद्यार्जन, ऐक्य, हुंडाबंदी हे विषय आम्हांसारख्या सेवानिवृत्त शिक्षकाच्या तोंडी आपोआप येतात. आज ते बाजूस ठेवून आम्ही काजळीविषयी चार शब्द बोलणार आहोत.

आमचा एक जुना विद्यार्थी भिवंडीच्या सायझिंग कारखान्यांतील बॉयलर व त्यांची धुराडी साफ करण्याचा धंदा करतो. तो, त्याचे दोन मुलगे व एक पुतण्या काम करतात. थोरली सून वह्या ठेवते. ताणा मागावर चढण्यापूर्वी त्याच्या सुतास खळ लावून ते वाफेने तापलेल्या रुळांवर सुकवितात. त्या वाफेसाठी बॉयलर, बॉयलरसाठी लाकूड-कोळसा, आणि त्यामागोमाग काजळी आलीच.

नळ्यांवर तीन मिलिमीटर काजळी बसली तर इंधन सुमारे अडीच टक्के अधिक जळते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे जेथे १०० टन पुरले असते तेथे अडीच टन फुकट गेले. शिवाय कोळशाच्या काजळीत गंधकाचा अंश असतो. पावसाळ्यात बंद बॉयलरमध्ये ओल शिरली की त्याचे आम्ल होऊन पत्रा खाल्ला जातो. (आपल्या अकलोलीच्या कुंडांतील गंधक लोक औषधी मानतात, लोखंडास मात्र तो मानवत नाही!)

१९२३ च्या बॉयलर कायद्याने, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यानेही, तपासणीचा दाखला असल्याखेरीज बॉयलर चालविता येत नाही. तपासणीसाठी तो निवविलेला, रिकामा व स्वच्छ लागतो. मालकास मात्र एक दिवसाचाही खाडा नको असतो. ‘रात्री विस्तव काढतो, पहाटे आत शिरा,’ असे तो म्हणतो. धोका आहे तो येथेच. विटा आतून धगधगत असतात; दोन बॉयलरांना एकच धुराडे असेल तर शेजारचा धूर उलटा येतो; आणि कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूस ना रंग, ना वास.

ह्या कुटुंबाचे नियम कडक आहेत. दोन्ही दारे उघडून वारा खेळविल्याशिवाय आत जावयाचे नाही. शेजारची झडप बंद करून तिला कुलूप घालावयाचे, व किल्ली आत जाणाराच्या खिशात ठेवावयाची. बाहेर एक माणूस राखण असतो. तो जागचा हलत नाही. ह्या नियमांपायी गेल्या वर्षी एक मोठे काम हातचे गेले. कारखानदाराने कमी दराची दुसरी टोळी बोलाविली. तेव्हा धाकटा म्हणाला, ‘आपण घरचीच माणसे, मजुरी कुठे द्यायची आहे? दर पाडू या.’ बापाने सुनेस वही आणावयास सांगितली. तीत चौघांचीही रोजची मजुरी खर्ची पडलेली होती. घरच्या माणसाचे श्रम फुकट धरले की त्याचा जीवही फुकट धरला जातो, हे त्या बापास पुरते उमगलेले आहे.

इंग्लंडात पर्सिव्हल पॉट ह्या शल्यवैद्याने १७७५ साली काजळी व धुराडी झाडणारांचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखवून दिला. तरी अरुंद धुराड्यांत मुले चढविण्याची चाल पुरती मोडण्यास १८७५ चा कायदा यावा लागला. मूल अंगाने बारीक, एवढाच त्याचा अपराध! आमचा विद्यार्थीही पुतण्यास ‘तू बारीक, तूच शीर’ असे कधी म्हणत नाही. पाळी ठरलेली असते. काम आटोपताच साबणाने स्नान होते, आणि कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळत नाहीत.

आता अप्रिय गोष्ट. धाकट्याचे लग्न जमविताना परिचयपत्रकात व्यवसाय ‘कंत्राटदार’ असा लिहिला होता. खरे कळताच आपल्याच ज्ञातीतील दोन घरांनी बोलणे मोडले. निम्म्या पगाराचा कारकून त्यांस चालला असता. ज्यांच्यावर अशी कामे जन्माने लादली गेली, त्यांस दूर लोटण्याची आपली जुनी खोड आता आपल्याच मुलावर उलटली आहे. ह्याचे आम्हांस दुःख होते, आणि रागही येतो.

त्या मुलाने आम्हांस निरोप दिला आहे. पुढील वर्षीच्या वधू-वर सूचीत त्याच्या नावापुढे ‘बॉयलर व धुराडी सफाई, घरचा धंदा’ असे छापावयाचे आहे. चिटणीसांनी त्यातील एकही शब्द बदलू नये, एवढी आमची विनंती आहे.