बोटीच्या प्रवासात इन्सुलिनची जपणूक
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या सभेत औषधाच्या कुपीविषयी बोलावयाचे म्हणजे सणाच्या ताटात कारल्याची भाजी वाढल्यासारखे होईल, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु हल्ली आपल्या मंडळींत बोटीच्या सफरीची हौस वाढली आहे. 2021 साली मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारी कॉर्डेलियाची मोठी बोट सुरू झाली, आणि घरातील वडीलधाऱ्यांना एकदा समुद्र दाखवून आणावा असे बेत निपाणीपासून खानापुरापर्यंत होऊ लागले. या वडीलधाऱ्यांत इन्सुलिन घेणारे काही थोडे नाहीत. त्यांची पिशवी भरणाऱ्या मुला-सुनांसाठी आमचे हे चार शब्द आहेत.

बोटीचा प्रवास बेळगावकरांना नवा नव्हे. रेल्वे येण्यापूर्वी वेंगुर्ले हे आपले बंदरच समजले जाई. पण त्या काळी मधुमेही माणसाजवळ सांभाळावयास औषधच नव्हते. इन्सुलिन माणसाला प्रथम टोचले गेले ते 1922 च्या जानेवारीत, टोरांटो येथे.

आता मुद्द्याची गोष्ट. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावयाचे, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. एकदा वापरावयास काढलेली कुपी किंवा पेन मात्र 25 ते 30 अंशांच्या आत, सावलीत, बहुधा 28 दिवस चालते. नेमकी मुदत प्रत्येक औषधाची वेगळी असते. ती खोक्यातील कागदावर छापलेली असते, आणि तो कागद फेकून देण्याची आपल्याकडे फार घाई होते. याचा अर्थ असा की, तीन-चार दिवसांच्या सफरीत चालू कुपीला फ्रीजची गरजच नाही. बोटीच्या केबिनी वातानुकूलित असतात; तेथील कपाटाचा खण पुरेसा आहे. फक्त खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

असे असता उकाड्याच्या धास्तीने लोक कुपी थेट बर्फात घालतात. थर्मासात बर्फ, बर्फात कुपी! इन्सुलिन एकदा गोठले की ते कामातून गेले. वितळल्यावर ते पूर्वीसारखे दिसेलही, पण त्याच्या गुणाचा भरवसा उरत नाही, टाकूनच द्यावयाचे. उष्णतेने औषध हळूहळू उतरते, गोठण्याने एका रात्रीत जाते. 2021 साली जिनिव्हाच्या विद्यापीठाने आणि सीमापार वैद्यक संघटनेने केनियातील निर्वासितांच्या छावणीसंबंधी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रात्री 25 आणि दिवसा 37 अंशांपर्यंत जाणाऱ्या हवेत चार आठवडे ठेवूनही, तपासलेल्या इन्सुलिनचा गुण कमी झालेला आढळला नाही. म्हणून ते उन्हात ठेवावे असे नव्हे. पण घाबरून बर्फाकडे धावण्याचे कारण नाही, एवढे खरे.

आपल्या गावाने आपल्याला थोडे गाफील केले आहे. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर. येथे फळीवर राहिलेली कुपी वर्षातील बरेच दिवस निभावून जाते. चोर्ल्याचा घाट उतरला की हवा पालटते. वाटेत जेवावयास थांबलो आणि कुपी बंद मोटारीत राहिली, तर तासाभरात मोटारीची भट्टी होते. कुपीने माणसाबरोबर उतरावे.

पाण्याच्या माठाचेही असेच. ओल्या माठात कुपी ठेवण्याची युक्ती चांगली आहे, आणि खानापूरच्या कुंभारकीची ख्याती आपण जाणतोच. पण माठ गार होतो तो पाणी उडून जाते म्हणून. आपल्या चैत्राच्या कोरड्या वाऱ्यात ते झपाट्याने उडते. समुद्रावरील दमट हवेत उडत नाही, आणि माठ नुसताच ओला राहतो. पाण्यात भिजवून वापरावयाच्या ज्या पिशव्या दुकानांत मिळतात त्यांचे तत्त्व हेच, म्हणून त्यांचाही गुण तेथे कमी पडतो.

बंदरावर मोठे सामान काढून घेतात आणि ते केबिनीपाशी यावयास कित्येक तास लागतात. तेव्हा इन्सुलिन, सुया, साखर आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच असावी. केबिनीतल्या छोट्या फ्रीजवर मात्र विसंबू नये. काही फ्रीज सरबत गार करण्यापुरतेच असतात, तर काहींच्या मागच्या भिंतीला लागलेली वस्तू गोठते. लांबच्या सफरीत जादा साठा बोटीच्या दवाखान्यातील फ्रीजमध्ये ठेवण्याची सोय होईल काय, हे तिकीट काढतानाच विचारावे. लक्षद्वीपला मोठी बोट दूर उभी राहते आणि लहान होडीतून उन्हात किनारा गाठावा लागतो; त्या दिवशी पुरेल तेवढेच औषध, जाड कापडात गुंडाळून, बरोबर घ्यावे.

एक गोष्ट फार जपून करावयाची. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन पुष्कळदा 40 युनिटांचे, म्हणजे एका मिलिलिटरात 40 युनिट असलेले असते. परदेशी मात्र बहुधा 100 युनिटांचेच मिळते. आपली कुपी फुटली आणि दुसरीकडून 100 युनिटांची मिळाली, तर ती आपल्या 40 च्या सिरिंजने कधीही भरू नये. 20 च्या खुणेपर्यंत भरलेले ते औषध 50 युनिट होते, आणि तेवढ्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो. कुपी आणि सिरिंज यांवरचे आकडे एक आहेत ना, हे चष्मा लावून पाहावे. घरून निघतानाच दुप्पट औषध आणि त्याच जातीच्या सिरिंजा घ्याव्यात, आणि त्यांचे दोन वाटे करून दोघांच्या पिशव्यांत ठेवावेत.