फोन दादाकडं असतो
(स्वागताध्यक्षीय भाषण)



छत्रपती संभाजीनगरात आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवण्याची आमची रीत आहे, ती आम्ही पाळूच. पण तरुणांचे लैंगिक आरोग्य आणि डिजिटल साधने या आपल्या परिषदेच्या विषयावर बोलायचे तर मला आधी आमच्याच जिल्ह्यातल्या, पैठण तालुक्यातल्या पाचोडचे नाव घ्यावे लागेल. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्याचे वर्ग चालवले. रोज संध्याकाळी एक तास, असे वर्षभर; आणि शिकवणाऱ्या त्याच गावांतल्या बायका. 1997 मध्ये त्या भागात लग्न झालेल्या मुलींपैकी सुमारे 81 टक्के मुली अठराच्या आतल्या होत्या. 2001 पर्यंत हे प्रमाण 62 टक्क्यांवर आले. त्या वेळी तिथे ना ॲप होते ना चॅटबॉट. रोज भेटणारी, विश्वासाची एक बाई होती. आपल्या डिजिटल साधनांची तुलना व्हायची असेल तर ती तिच्याशी व्हावी.

मग फोनचे मोल काय? ते र. धों. कर्वे यांच्याकडे पाहिले की कळते. 1927 साली सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्याविषयीचे मासिक त्यांनी 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचक पत्राने प्रश्न विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता शास्त्रीय उत्तर देत. 1934 साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. ज्या बाबासाहेबांनी पुढे या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्यांनी लोकांच्या या प्रश्नांची बाजू न्यायालयात मांडली होती, हे मला इथे अभिमानाने सांगावेसे वाटते. तेव्हा पत्राने जी आडोशाची सोय दिली, ती आज फोन देतो. पुण्याच्या ‘तथापि’ संस्थेने मराठीतून अशा प्रश्नांना इंटरनेटवर जागा करून दिली, ती याच वाटेवरची.

मात्र हा आडोसा सगळ्यांना सारखा मिळत नाही. माझ्याकडे दवाखान्यात आई मुलीला घेऊन येते. पाळी कधी आली होती, हे मी मुलीला विचारते आणि उत्तर आई देते. आईला बाहेर बसवले की मुलगी बोलू लागते. काही विचारायचे असेल तर मेसेज कर म्हटले, की लगेच मान हलवते: “नको मॅडम, फोन दादाकडं असतो.” राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या जेमतेम 38 टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरले होते, पुरुषांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर होते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात तर एकच फोन मुकादमाशी बोलायला, गावाकडची खबर घ्यायला आणि मुलांच्या करमणुकीला. त्या फोनवर लेक गर्भनिरोधकाबद्दल काय शोधणार? मुलग्यांच्या हाती फोन असतो, पण त्यांना भेटतात ते ‘धात जाते’ म्हणून घाबरवणारे आणि औषध विकणारे. तीही हेळसांडच.

कायद्याचा पेचही आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, काही अपवाद सोडता, अठराच्या आतल्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती मागतो. हेतू चांगलाच आहे. पण गुपचूप विचारायला आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीकडे वडिलांच्या फोनवरचा ओटीपी मागितला, तर ती तिथूनच परत फिरेल. तिची माहितीही जपायची आणि तिची वाटही अडवायची नाही, हे कसे साधायचे यावर या दोन दिवसांत परखड चर्चा व्हावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.

आणखी एक आग्रह. किती जणांनी आरोग्याविषयीचा व्हिडिओ पाहिला, हे मोजणे सोपे असते. तो पाहून किती जणी उपकेंद्राची पायरी चढल्या, तिथे त्यांना कोणी टाकून बोलले का, औषध हाती पडले का, हे मोजायला गावात जावे लागते. तसे संशोधन करणाऱ्यांना आमच्या आशा कार्यकर्त्या दारोदार सोबत करतील. फक्त त्यांच्या कामाचे मानधन आणि शोधनिबंधात त्यांचे नाव, दोन्ही विसरू नका.

उद्या सकाळचे सत्र विद्यार्थ्यांचे आहे. प्रश्नांच्या निनावी चिठ्ठ्यांची पेटी नोंदणीच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. स्वागत समितीच्या वतीने पुन्हा सर्वांचे स्वागत करून मी अध्यक्षांना परिषदेचे कामकाज सुरू करण्याची विनंती करते.