ओट्याखालचे प्लग पॉइंट

स्वयंपाकघराचं काम काढलं की टाइल्सचा रंग आधी ठरतो आणि प्लग पॉइंट सगळ्यात शेवटी. क्रम उलटा हवा. ओव्हन, डिशवॉशर फर्निचरमध्ये बसवायचे असतील, तर त्यांची मॉडेलं भिंत फोडण्याआधीच नक्की करा. पॉइंट कुठे घ्यायचा, ते माहितीपत्रकात आकृतीसह दिलेलं असतं.

हमखास चुकतं ते इथे: पॉइंट यंत्राच्या बरोब्बर मागे घेतला जातो. मग डिशवॉशर आत सरकवला की प्लग भिंतीशी अडतो आणि यंत्र ओट्याबाहेर दोन बोटं डोकावत राहतं. प्लग काढायचा तर अख्खं धूड बाहेर ओढा! म्हणून सॉकेट शेजारच्या कपाटात घ्या, पाण्याच्या पाइपांपासून दूर. बटण मात्र ओट्याच्या वर, सहज हात पोचेल असं. पण शेगडीच्या मागे नको, तिथे ज्वाळेवरून हात न्यावा लागतो.

आता भार. आपल्या 230 व्होल्टवर 16 अँपिअरचं सॉकेट जेमतेम साडेतीन किलोवॉट पेलतं. तीन किलोवॉटच्या ओव्हनला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवाच. त्याच पॉइंटवर मायक्रोवेव्ह जोडू नका. चार झोनचा इंडक्शन हॉब तर सात किलोवॉटपर्यंत जातो. त्याला डीबीपासून, म्हणजे घरातल्या वीज वितरण पेटीपासून, थेट जाड वायर लागते. घराचा मंजूर भार वीजबिलावर छापलेला असतो, तो आधी बघा. आणि प्लास्टर होण्यापूर्वी भिंतीतल्या पाइपांचे फोटो मोजपट्टी लावून काढून ठेवा.