अडथळा कोण?
(वस्तीतल्या वाचनालयात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कविता ऐकायला आला असाल तर आज कविता नाही. आज कलमं म्हणणार आहे. माझं शिक्षण दहावी, पोट गोदीवर. वकिली मला येत नाही. पण ज्या शब्दानं आपल्या खिशातले पैसे जातात तो शब्द आपण वाचायचा नाही, काळ्या कोटवाल्यानंच वाचायचा, हे मला मान्य नाही. अक्षर तुमच्यासाठी नाही, हे आपल्या बापजाद्यांना पुष्कळ ऐकवून झालंय.

पहिला शब्द घ्या : अडथळा. नाक्यावर ट्रक लावला, चार गोण्या खाली उतरल्या, की शिपाई शिट्टी मारतो. "ए, ट्राफिकला अडथळा करतो काय?" साहेबाच्या गाडीला मात्र तो म्हणतो, "सर, जरा पुढं घेता का?" एकाच रस्त्यावर एक सर आणि एक अडथळा.

आता कायदा काय म्हणतो बघा. 1951 चा मुंबई पोलीस कायदा. हल्ली त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. पाटी बदलली, दांडका तोच. त्याचं 102 कलम अडथळ्याचं. शिपाई त्यातलं अर्धंच वाक्य सांगतो. पुरतं वाचलं तर त्यात असं आहे की माल भरायची-उतरवायची गाडी त्या कामाला जरूर असेल त्याहून जास्त वेळ उभी ठेवली तर अडथळा. पेटी, गठ्ठा, पुडकं गैरवाजवी वेळ रस्त्यात टाकून ठेवलं तर अडथळा. म्हणजे लिहिणाऱ्याला एवढं ठाऊक होतं की माल आपल्या पायानं चालत गोदामात जात नाही. 'जरूर' आणि 'गैरवाजवी' या दोन शब्दांवर सगळा खेळ आहे.

मग जरूर किती वेळ? हे कुणी ठरवायचं? ज्यानं आयुष्यात गोणी उचलली नाही त्यानं? हिशेब करा. दहा टनांचा माल, पन्नास किलोची गोणी, म्हणजे दोनशे गोण्या. आम्ही चौघं. एकेकाच्या पाठीवर पन्नास खेपा. एका खेपेला सव्वा मिनिट धरलं तर तास उलटून जातो, आणि त्यात पाणी प्यायचं धरलेलं नाही. हा हिशेब माथाड्याला येतो, मुकादमाला येतो. कोर्टात तो सांगायला मात्र कुणी जात नाही. दंड भरतो न् मोकळा होतो. ट्रकमालक तो टोळीच्या मजुरीतून कापतो, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा शब्द : वाहन. इथं मजा आहे. 1988 चा मोटार वाहन कायदा म्हणतो, वाहन म्हणजे यंत्रशक्तीनं चालणारं. म्हणजे हातगाडी वाहन नाही, कारण तिला ओढणारं यंत्र जेवतं, खोकतं. पण पोलीस कायद्याची व्याख्या उघडा. तिथं वाहनांच्या यादीत हातगाडीचं चक्क नाव आहे. गाड्या उभ्या करायला जागा ठरवून द्यायचं 117 कलम मोटार कायद्यातलं, ते मोटारींसाठी. अडथळ्याचं 102 कलम पोलीस कायद्यातलं, ते हातगाडीलाही. जागा देताना गाडी नाही, दंड करताना गाडी. 'येथे हातगाड्या उभ्या कराव्यात' अशी पाटी बंदराच्या बाजूला मी अजून पाहिलेली नाही. कुणाला दिसली तर मला दाखवा, मी तिला हार घालीन.

तिसरा शब्द सगळ्यात मोठा. सार्वजनिक जागा. पोलीस कायद्यात या शब्दाखाली काय काय येतं? समुद्राचा किनारा येतो. सार्वजनिक इमारतींचं आवार येतं. आणि नीट ऐका, लोकांना पाणी भरायला, धुवायला, आंघोळीला मोकळी असलेली ठिकाणं येतात. पाणी भरायला! हा शब्द सरकारनं फुकट दिलेला नाही. 1923 साली रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात झाला. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं सार्वजनिक झालं, पण 20 मार्च 1927 ला बाबासाहेब ओंजळ भरेपर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नव्हता. मग सवर्ण कोर्टात गेले. म्हणाले, तळं सार्वजनिक नाही, आमचं आहे, अनादी काळापासूनची वहिवाट आहे. डिसेंबरच्या सत्याग्रहाला कोर्टाचा मनाईहुकूम आडवा आला. हायकोर्टाचा निकाल लागला 1937 साली. अनादी वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. एका शब्दासाठी दहा वर्षं! आणि आपली पोरं म्हणतात, व्याख्या वाचून काय होणार.

हाच शब्द आमच्या गोदीत जिवावर बेततो. आमच्या टोळीतला एक गडी एका यार्डात मागं येणाऱ्या ट्रेलरखाली आला. पाय गेला. विमावाले काय म्हणाले? गेटला पास लागतो, वॉचमन आहे, म्हणजे ही सार्वजनिक जागा नव्हे, भरपाई आमच्यावर नाही. त्याच्या बायकोला वाटलं, साहेब इंग्रजीत बोलला म्हणजे खरंच असणार. पण मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं 1988 साली पांडुरंग चिमाजी आगळे यांच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की विम्याच्या प्रकरणापुरती सार्वजनिक जागा म्हणजे जिथं लोकांना जाता येतं ती. मग मालकी खाजगी असो, प्रवेश मोकळा असो की गेटवर अडवून तपासून दिलेला असो. हा निकाल ज्याच्या हातात होता असा वकील तिला मिळाला तेव्हा कुठं दावा उभा राहिला. अजून चालू आहे.

बाकीचं भराभर सांगतो. नाक्यावर 'अवजड वाहनांस प्रवेश बंद' अशी पाटी लागते. तिच्यामागं मोटार कायद्याचं 115 कलम असतं. बंदी महिन्याहून जास्त चालवायची असेल तर ती राजपत्रात छापावी लागते. महिन्याच्या आतली असेल तर निदान त्या भागात लोकांना कळवावी लागते. तेव्हा अडवलं की भांडू नका, अधिसूचनेची तारीख आणि नंबर विचारा. लिहून घ्या. नुसतं लिहून घेताना पाहिलं तरी आवाज खाली येतो, हा अनुभव आहे.

मोबाइलवर चलान येतं, त्याला लोक शिक्षा समजतात. तो आरोप आहे. आपण भरतो ते तडजोड शुल्क, 200 कलमाखालचं. भरलं की प्रकरण मिटलं. मान्य नसेल तर कोर्टात जाऊन नाकबूल करता येतं. तडजोड दोघांची असते ना? मग आपल्याला न विचारता कसली तडजोड!

आणि जुन्या पीनल कोडचं 283 कलम, सार्वजनिक रस्ता किंवा जलमार्ग अडवायचं, त्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत ते 285 झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. पाच हजार म्हणजे कुणाची सिगारेट आणि कुणाचा महिना, हे हिशेबात कुठंच नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला इथंच बसायचं. बंदर रस्त्यावरच्या पाट्या उतरवून आणायचं काम मी करतो. म्हणजे वहीत उतरवून हो, उचलून नाही. मग एकेका पाटीची अधिसूचना माहितीच्या अधिकारात मागू. अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. ज्याच्याकडे असतील त्यानं घेऊन यावं, नसतील त्यानं नुसतं यावं.