गावातलं नोंदणी कार्यालय आणि कोटवाराची वही

(महाराजपूर, जबलपूर इथं मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय असा आहे: गावातली जन्म-मृत्यू नोंदणीची कार्यालयं बंद होत चालली आहेत, त्याबद्दल लोकांचं मत काय? मी समाजशास्त्रात एम.ए. करून आता पीएच.डी. करते आहे. आमच्या विषयात 'लोकांचं मत' म्हटलं की पहिला प्रश्न असतो, कोणत्या लोकांचं? तिथूनच सुरुवात करते, कारण या बाबतीत आपल्या वस्त्यांमध्येच दोन मतं आहेत आणि दोन्हींच्या मागे सोसलेला अनुभव आहे.

आधी कायदा. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, कलम ७. त्यात लिहिलंय की प्रत्येक निबंधकाचं कार्यालय त्याला नेमून दिलेल्या क्षेत्रातच असलं पाहिजे. कार्यालयाच्या बाहेरच्या दारावर किंवा दाराजवळ, स्थानिक भाषेत, पाटी लावली पाहिजे. निबंधकाचं नाव काय, तो कोणत्या दिवशी आणि किती वाजता भेटेल, हे तिच्यावर हवं. महाराष्ट्रात गावचा निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. इथं मध्य प्रदेशात पंचायत सचिव. मी विदर्भात आणि इकडे ज्या पंचायतींत गेले तिथं थकबाकीदारांची यादी दिसली, योजनांचे फलक दिसले, उद्घाटनाच्या कोनशिला तर विचारूच नका. ही पाटी मात्र एकदाही दिसली नाही.

म्हणजे कार्यालय बंद करा असा हुकूम कोणी काढलेला नाही. काढला असता तर मोर्चा तरी नेता आला असता. झालं असं की एका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन गावं आली, तो आठवड्यातून एकदा येतो, बाकीचे दिवस कुलूप. नोंद पोर्टलवर करायची, म्हणून लॉगिन असेल तिथं कार्यालय. आणि पोर्टल चालवायला तालुक्याच्या गावी सेतू नाहीतर इथलं कियोस्क.

अजून एक कारण आहे आणि ते फारसं बोललं जात नाही. जन्माची नोंद आईवडील राहतात त्या गावी होत नाही, जन्म जिथं झाला तिथं होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीप्रमाणे, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळे गावच्या जन्मरजिस्टरात नोंदी कमी झाल्या, आणि वरून आकडे बघणाऱ्याला वाटतं, इथं कामच काय उरलंय? उरलेलं काम बघा. घरी किंवा वीटभट्टीवर झालेली बाळंतपणं. घरी झालेले मृत्यू. चुकलेलं नाव दुरुस्त करणं. चाळीस-साठ वर्षांपूर्वीच्या नोंदीची नक्कल काढणं. आकड्यानं थोडं, पण सगळ्यात किचकट काम आहे, आणि ते ज्यांचं आहे त्यांच्यासाठी कोणी फोन करणारं नाही. त्याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या ८९.१ टक्के मुलांचा जन्म नोंदलेला निघाला. मृत्यूंच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ७१ टक्के आहे. मेलेल्याच्या नावावर ना शेत, ना बँकेत खातं, मग दाखला कशाला काढायचा, असं घरचेच म्हणतात. बाईच्या बाबतीत तर हमखास म्हणतात.

आता पहिलं मत. 'बंद होतंय ते बरंच आहे.' हे मत मी मुख्यतः तुमच्या वयाच्या मुलामुलींकडून ऐकलं. एका मुलीनं सांगितलं, पंचायतीत गेलं की बाबूला माझा कागद नंतर दिसतो, आडनाव आधी दिसतं. मोबाईलवर फॉर्म भरताना समोर कोणी बसलेलं नसतं. दुसऱ्यानं सांगितलं, आमच्या आजोबांचं चांगलं नाव होतं, रजिस्टरात मात्र हेटाळणीचं रूप लिहून ठेवलंय, आणि आता तेच सरकारी नाव झालं. या मताला मी मागासलेलं किंवा 'डिजिटलच्या मोहात पडलेलं' म्हणणार नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाबद्दल जे सुनावलं ते आपण विसरलेलो नाही. पंचायत भवन कोणत्या आळीत असतं, हेही आपल्याला माहीत आहे. कार्यालय जवळ असलं म्हणजे ते आपलं असतंच असं नाही.

दुसरं मत आयाबायांचं आणि म्हाताऱ्यांचं. ते म्हणतात, माणूस कसाही असो, गावात होता. आज नाही भेटला तर उद्या भेटायचा, चार लोकांत अडवता यायचा. आता तालुक्याला जायचं तर मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हरला कोण अडवणार?

मला दोन्ही मतं खरी वाटतात. पण ती दोन्ही कारकुनाबद्दलची आहेत, तो जवळ हवा की लांब. रजिस्टर कुठं आहे, हा प्रश्न दोघांकडूनही सुटतो. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आपण बसलोय तो जबलपूरचा भाग आणि माझा विदर्भ, दोन्ही ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. मध्य प्रांत व वऱ्हाड, नंतर नाव झालं मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. या प्रांतात गावातले जन्म-मृत्यू सरकारला कोण कळवायचं? कोटवार. बहुतेक ठिकाणी तो महार, मेहरा, पनका, गांडा अशा जातींतला. गावात पटकी आली, देवीची साथ आली, ताप पसरला, की कोण मेलं, किती मेले, हे त्यानं वहीसकट थान्यावर जाऊन सांगायचं. इंग्रजांची मृत्यूंची आकडेवारी, ज्यावर आज मोठमोठे प्रबंध लिहिले जातात, ती या माणसाच्या पायांनी चालत गेली आहे. वही त्याच्याकडे, पण अक्षर बहुधा दुसऱ्याचं, कारण त्याला लिहायला कोणी शिकू दिलं नव्हतं. पाटलाच्या घरचा जन्म त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचा आणि थान्यावर जाऊन नोंदवायचा. या वतनी कामांच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, हे तुम्ही वाचलं असेल. तेव्हा कोटवाराच्या वहीबद्दल मी हळवी होऊन बोलत नाही. ते वेठीचंच काम होतं.

पण विदर्भात त्याच वहीला आज कोतवाल पंजी म्हणतात आणि जात पडताळणी समितीपुढे तिची नक्कल म्हणजे सोनं. ज्यांनी व्हॅलिडिटी काढली आहे त्यांना सांगायला नको. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासूनचं वास्तव्य दाखवावं लागतं, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, म्हणून दाखल-खारीज नाही. जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. मग १९५० आधीचा कागद कोणता? आजोबांच्या भावाचा, बहिणीचा, कोणाचा तरी जन्म किंवा मृत्यू, जातीसकट, कोतवाल पंजीत. कित्येकदा बाळाचं नावही नसतं, फक्त 'मुलगा' आणि बापाचं नाव. तेवढ्या एका ओळीवर घरातली पहिली नोकरी उभी राहते.

तुमच्यातल्या काहींच्या घरी तर हा गुंता दुहेरी आहे. आजोबा नागपूर-भंडाऱ्याकडून गन कॅरेज फॅक्टरीत, खमरियात, नाहीतर रेल्वेत लागले. १९५० मध्ये ते आपल्याच प्रांतातल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. आजोबांची नोंद एका राज्यात, नातवाचा अर्ज दुसऱ्या राज्यात. त्यात वडिलांच्या जन्मनोंदीत जातीसमोर 'बौद्ध' लिहिलेलं, आणि बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींत जागा मिळाली ती १९९० मध्ये. हे सगळं पोर्टलच्या कोणत्या रकान्यात बसवायचं?

पोर्टलवर पुढच्या नोंदी होतील. मागच्या वह्यांचं काय, हे मी जिथं जिथं विचारलं तिथं उत्तर मिळालं 'वर पाठवल्या'. वर म्हणजे तहसील, म्हणजे अभिलेख कक्ष, म्हणजे वाळवी. काही वह्या नीट ठेवलेल्याही पाहिल्या, तेही सांगितलं पाहिजे, आणि तिथं त्यामागे एखादाच कारकून होता. शहराच्या कडेच्या गावांची गोष्ट आणखी वेगळी. गाव पालिकेत गेलं की पंचायत संपते, आणि तिचं रजिस्टर कोणत्या झोनमध्ये गेलं, हे जुन्या सचिवालाच ठाऊक.

सरकारला मनावर घेतलं तर हे जमत नाही असं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला. त्यासाठी याच जन्म-मृत्यूच्या वह्या, गाव नमुना १४, बाहेर निघाल्या, मोडी वाचणारे बसवले, सापडलेल्या नोंदी जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर चढवल्या. ज्यांना कागद मिळाला त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मी एवढंच म्हणते, की ती वही उघडली होती तेव्हा त्याच पानावर महार, मांग, गोंड, पारधी यांच्याही ओळी होत्या. त्या का नाही चढवल्या?

आणि हे आता फक्त आरक्षणापुरतं राहिलेलं नाही. २०२३ च्या दुरुस्तीनं, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, मतदार यादी, सरकारी नोकरी, पासपोर्ट या सगळ्याला जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशानं व्हायची, ती आता जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आली. म्हणजे दार जरा जवळ आलं. महाराष्ट्रात ते किती दिवस उघडं राहिलं? बांगलादेशी-रोहिंग्यांनी मालेगावात दाखले काढल्याचा आरोप झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्यभर उशिराच्या नोंदींचे दाखले देणंच थांबवलं. विशेष तपास पथक नेमलं, मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आली. खोटा दाखला काढणाऱ्याला पकडा, कोणाची हरकत नाही. पण उशिरा नोंद कोणाची होते? ऊसतोडीच्या कोपीत जन्मलेल्याची, पालावर जन्मलेल्याची. तो दाखला मागायला गेला की आता आधी संशयित ठरतो. आणि नोव्हेंबर २०२५ पासून मध्य प्रदेशातही मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली, तिच्या कागदांच्या यादीत जन्मदाखला आहेच.

या सगळ्यात गावातलं कार्यालय गेलं कुठं, तर तुमच्या घरी आलं. पदवी घेतलेली पहिली पिढी म्हणजे सगळ्या भावकीचा बिनपगारी कारकून. मामीचं नाव दुरुस्त कर, काकाचा मृत्यूदाखला काढ, समग्र आयडी जोड. हे तुम्ही करताच. त्याच हातानं अजून दोन-तीन गोष्टी करा.

ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: कलम ७ ची पाटी कुठं आहे? सचिवाच्या वागणुकीवर वाद घालू नका, त्यात गाव दोन आळ्यांत फुटतं. पाटी मागा. जुन्या वह्या कुठं आहेत, कोणत्या सालापासूनच्या आहेत, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. नोंद झाल्यापासून सात दिवसांत दाखला मोफत द्यायचा आहे, आणि तो 'इलेक्ट्रॉनिक किंवा अन्य प्रकारे' द्यायचा आहे, म्हणजे कागदावर मागता येतो. निबंधकाचा आदेश मान्य नसेल तर कलम २५-अ खाली तीस दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील होतं, त्यांनी ते नव्वद दिवसांत निकाली काढायचं आहे. बाळाचं नाव नोंदीत रिकामं असेल तर बारा महिन्यांपर्यंत फुकट भरता येतं. आणि घरात म्हातारं माणूस गेलं, त्यातही बाई गेली, तर एकवीस दिवसांच्या आत नोंद करा, नावावर काही असो नसो. तुमच्या नातवाला तुमच्या आजीचं नाव कोणत्या तरी सरकारी कागदावर सापडलं पाहिजे.

ज्यांनी आजोबांचे कागद आणले आहेत त्यांनी या बाजूला बसा. माझ्याकडे भंडारा आणि नागपूरच्या तालुक्यांत नकलेचा अर्ज कसा करायचा त्याचे नमुने आहेत, ते आत्ताच भरून घेऊ.

जय भीम.